तिसऱ्या घंटेच्या अलीकडे

नाटक म्हणजे पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत जे घडते ते, अशी प्रेक्षकांची समजूत असते आणि ती तशीच असावी हे उत्तम. तिकीट काढून आलेल्या गृहस्थाने सहकुटुंब खुर्चीत बसावे, सुपारी कातरावी आणि तिसऱ्या घंटेची वाट पाहावी. दाराची कडी कुणी बसवली, न्यायाधीशाची खुर्ची कुणाच्या घरून आली आणि टेम्पोवाल्याचे पैसे कुणी दिले, याची चिंता त्याने का करावी? पण मंडळी, तिसऱ्या घंटेच्या अलीकडेही एक नाटक चालू असते. त्याला लेखक नसतो, त्याची जाहिरात होत नाही आणि त्याला मध्यंतरही नसते. ते नाटक मी बरीच वर्षे अगदी जवळून पाहिले आहे. कारण एका लहानशा हौशी नाट्यसंस्थेत मी दिवे लावण्याचे काम करीत असे. रंगमंचावर उजेड पाडणारा माणूस स्वतः नेहमी काळोखात बसलेला असतो. त्याला दोन्ही बाजूंचे दिसते!

संस्थेत आम्ही चौदा जण. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी विमा कंपनीत. दोघी शिक्षिका, एक टेलिफोन ऑपरेटर, आणि एक जण नुसताच 'नोकरीच्या शोधात'. दरमहा पाच रुपये वर्गणी. ती सुद्धा वेळेवर येत नसे. गंभीर नाटके करायची, लोकांना हसवण्यासाठी म्हणून काही करायचे नाही, एवढी एकच घटना आमच्या संस्थेची होती, आणि तीही कुठे लिहून ठेवलेली नव्हती.

ही परंपरा आजची नव्हे

गंभीर नाटक करणाऱ्या लहान मंडळींची मराठीत मोठी परंपरा आहे. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, आणि घरातल्या दिवाणखान्यात माणसे जशी बोलतात तशी पात्रे बोलू लागली. पुण्यात १९५१ साली भालबा केळकरांच्या पुढाकाराने 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन', म्हणजेच सर्वांच्या तोंडची 'पी. डी. ए.', उभी राहिली. मुंबईत १९६० साली विजया मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रंगायन' काढले. पुढे १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि इतरांनी 'आविष्कार' सुरू केली, तर १९७३ साली पुण्यात 'थिएटर अकादमी' स्थापन झाली. राज्य नाट्यस्पर्धेनेही गावोगावच्या हौशी मंडळींना वर्षातून एकदा तरी कंबर कसायला लावले.

या सगळ्यांची अडचण एकच होती. प्रयोग करायचा कुठे? शिवाजी मंदिर किंवा साहित्य संघ म्हणजे मोठी नाट्यगृहे. तिथले भाडे, तिथल्या तारखा, तिथल्या शेकडो खुर्च्या! आमच्या नाटकाला शंभर माणसे आली तर आम्ही दृष्ट काढायचो. मोठ्या नाट्यगृहात शंभर माणसे बसली म्हणजे ती माणसे दिसत नाहीत, रिकाम्या खुर्च्याच दिसतात.

ही अडचण १९७४ साली 'आविष्कार'ने सोडवली. दादर पश्चिमेला स्टेशनच्या अगदी कुशीत छबिलदास मुलांची शाळा आहे. तिचे सभागृह त्यांनी प्रयोगांसाठी मिळवले, आणि मोठेपणा असा की, ते स्वतःपुरते न ठेवता इतर संस्थांनाही खुले केले. खाली श्रीकृष्णच्या बटाटेवड्याचा घमघमाट, गल्लीत भाजीवाल्यांचा आरडाओरडा, पलीकडे लोकलच्या शिट्ट्या आणि वर सभागृहात मराठीतली, बंगालीतून आलेली, फ्रेंच आणि स्पॅनिशवरून बेतलेली नाटके! मखमली पडदा नाही, खोल विंगा नाहीत. प्रेक्षक नटापासून इतक्या जवळ की, नटाने खोटे रडायचे म्हटले तर पहिल्या रांगेला ते ताबडतोब कळे. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचे 'जुलूस' तिथे केले तेव्हा नट प्रेक्षकांमधूनच फिरत होते. पुढे 'छबिलदास चळवळ' असे ज्याला लोक म्हणू लागले, ती ही. आमच्यासारख्या मंडळींना त्या शाळेने रंगमंच दिला असे म्हणण्यापेक्षा पत्ता दिला असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

नाटक ठरते कसे?

१९७८ च्या पावसाळ्यात आमच्या संस्थेने विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' करायचे ठरवले. हे नाटक 'रंगायन'ने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम केले. त्यात सुलभाताईंनी केलेली बेणारे ज्यांनी पाहिली, त्यांनी आम्हाला वेड्यात काढले. "अहो, त्या भूमिकेला हात लावू नये कुणी!" असे आमच्याच एका हितचिंतकांनी सांगितले. पण दिग्दर्शकाने एकदा मनात घेतले की, हितचिंतकांचे काही चालत नाही.

ज्यांनी नाटक पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी एका खेडेगावात येते. वेळ जावा म्हणून एक खोटा खटला खेळायचे ठरते, आणि त्यात लीला बेणारे नावाच्या अविवाहित शिक्षिकेला भ्रूणहत्येच्या आरोपाखाली आरोपी करतात. खेळता खेळता खेळ संपतो आणि शिकार सुरू होते. सोबतीच आता तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड करू लागतात. आठ मुख्य पात्रे, एकच देखावा. लहान संस्थेला परवडणारे नाटक. निदान कागदावर तरी.

नाटक ठरले म्हणजे लेखकाची परवानगी आणि त्यांचे मानधन आले. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने पाहून तिला प्रमाणपत्र द्यावे लागे. हे नाटक आधीच रंगभूमीवर आलेले असल्याने ती कटकट आम्हाला फारशी झाली नाही. नाहीतर १९७२ साली 'सखाराम बाइंडर'च्या वेळी कमलाकर सारंगांना मंडळाच्या काटछाटीविरुद्ध उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली होती, हे सर्वांना ठाऊक होते. तालमीला आम्ही उशीर केला की, दिग्दर्शक म्हणायचे, "सारंगांनी कोर्टात चपला झिजवल्या. तुम्हाला दादरचा जिना चढवत नाही?"

भूमिका वाटल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून माणसांची नावे गेली. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे, सामंत अशीच हाक मारायची. मी आजही आमच्या सुखात्म्यांना फोन केला तर "काय वकीलसाहेब?" असेच म्हणतो. बेणारेची भूमिका करणारी आमची मैत्रीण प्रत्यक्षातही शिक्षिका होती. तिला सगळे नुसते 'बाई' म्हणत. हा योगायोग त्या वेळी आम्हाला गमतीचा वाटला होता.

साडेसात ते शेवटची लोकल

तालमीची वेळ संध्याकाळी साडेसात. कचेरी सुटून, लोकलमध्ये लोंबकळून, घरी तोंड दाखवून किंवा न दाखवताच माणसे येत. कधी एखाद्या शाळेचा वर्ग मिळे, कधी कुणाच्या चाळीतली गच्ची, पाऊस आला तर काशीकरांची बाहेरची खोली. त्या खोलीत तालीम असली की, काशीकरांच्या घरची मंडळी स्वयंपाकघरात कोंडली जात. त्यांच्या आईंना नाटकाचा विषय मुळीच पसंत नव्हता. पण साडेआठ वाजले की, चौदा कप चहा निमूटपणे बाहेर येई. एकदा तिसऱ्या अंकाची तालीम चालू असताना त्या चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. चहा निवला. शेवटी ट्रे खाली ठेवून एवढेच म्हणाल्या, "त्या दामल्यांना कुणीच कसं काही विचारत नाही रे?"

प्रोफेसर दामले हे नाटकातले सगळ्यांत महत्त्वाचे पात्र, आणि ते रंगमंचावर येतच नाही! बाईला या अवस्थेत आणणारा माणूस गैरहजर आणि खटला मात्र तिच्यावर. नाटकाचे मर्म काशीकरांच्या आईंनी चहाच्या ट्रेसकट उचलले होते. दिग्दर्शकाने त्या रात्री आम्हाला वेगळे काही समजावून सांगितले नाही.

पहिले पंधरा दिवस नुसते वाचन. मग उभे राहून हालचाली. मग पुस्तक हातातून जाते आणि प्रॉम्प्टरचे राज्य सुरू होते. प्रॉम्प्टर हा प्राणी मोठा सहनशील असावा लागतो. नटाचा श्वास आणि नटाचे विसरणे यांतला फरक त्याला ओळखता आला पाहिजे. नट मुद्दाम थांबला असताना प्रॉम्प्टरने शब्द पुरवला तर खून पडायचा बाकी राहतो!

एका दाराची गोष्ट

या नाटकात दार हे जवळजवळ नववे पात्र आहे. सुरुवातीलाच बाईचे बोट त्या दाराच्या कडीत सापडते, आणि पुढे खटल्यातून सुटण्यासाठी ती दाराकडे धावते तेव्हा दार बाहेरून बंद झालेले असते. प्रेक्षकाला पहिल्या अंकात ती कडी दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे आणि नंतर आठवली पाहिजे. आमच्या नेपथ्यवाल्याने तीन कड्या बदलल्या. पहिली मुकी निघाली. दुसरी एवढी खणखणली की, प्रेक्षक हसतील अशी भीती वाटली. तिसरी चोरबाजारातल्या जुन्या सामानात मिळाली. तिचा आवाज जुन्या वाड्यातल्या कडीसारखा, थोडा गंजलेला पण स्पष्ट.

भिंती मात्र आमच्या घरच्या. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून ठोकायचे, त्यावर सरस आणि खडूची पूड यांचा हात द्यायचा, वाळले की डिस्टेंपर फासायचा. दिव्याच्या उजेडात ती भिंत चुन्याची वाटते. अट एकच, कुणी तिला टेकता कामा नये. दाराची चौकट त्या भिंतीत उभी करायची म्हणजे मागून तिरक्या आधाराच्या फळ्या आणि त्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागत. तरी दार जोरात आपटले की, सारी भिंत थरथरे. म्हणून प्रयोगभर एक जण चौकट हाताने धरून मागे उभा असे. दोन अडीच तास! तोच तो 'नोकरीच्या शोधात' असलेला आमचा मित्र. प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिले नाही. पण तो नसता तर न्यायालय कोसळले असते.

न्यायाधीशाची खुर्ची काशीकरांच्या सासऱ्यांची. त्यांच्या आरामाचे एकुलते एक आसन. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती टेम्पोत चढली की, म्हातारबोवा दोन दिवस सतरंजीवर बसत. "जावयाला न्यायाधीश केलंत खरं, पण शिक्षा मला!" असे ते म्हणत. पण एकाही प्रयोगाला त्यांनी खुर्ची नाकारली नाही. सामंताच्या हातातला हिरव्या कापडाचा पोपट मिसेस काशीकर झालेल्या बाईंनी स्वतः शिवला. आत जुन्या उशीचा कापूस भरला होता.

पंधरा अँपिअरचे गणित

आता थोडे माझ्या खात्याविषयी. मोठ्या नाट्यगृहांत दिव्यांची सोय असते. शाळेत असतात पंखे आणि ट्यूबलाईट. आम्ही दिवे भाड्याने आणायचो, आणि भाडे परवडेना म्हणून निम्मे घरीच करायचो. डालड्याचा मोठा डबा घ्यायचा, बाहेरून काळा रंगवायचा, उष्णता जायला मागून भोके पाडायची, आत होल्डर बसवायचा. डब्याचा आतला चकचकीत पत्रा उजेड पुढे फेकतो. वर रंगीत जिलेटिन कागद लावला की झाला दिवा.

उजेड हळूहळू कमीजास्त करायला डिमर लागतो. जुन्या काळी काही हौशी मंडळी मिठाच्या पाण्याचा डिमर करीत. चिनी मातीच्या नळात मिठाचे पाणी भरायचे, त्यात धातूचे दोन तुकडे सोडायचे आणि एक वरखाली करायचा. अंतर कमी झाले की विजेला वाट सोपी होते आणि दिवा उजळतो. पाणी तापून वाफा येत, आणि चुकून हात लागला तर माणूसच उजळून निघायचा! आमच्याकडे तारेच्या वेटोळ्यांचे दोन डिमर होते. तेही प्रयोगाच्या अखेरीस असे तापत की, त्यांवर पापड भाजावा.

खरे संकट फ्यूजचे. पाचशे वॅटचे आठ दिवे एकदम लावले की ४००० वॅट होतात, म्हणजे आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर सतरा अँपिअरच्या वर. ज्या मार्गावरून आम्हाला वीज मिळे त्याचा फ्यूज पंधराचा. सहा दिवे लावले तर तेरा अँपिअर, म्हणजे जीव भांड्यात. म्हणून दिग्दर्शकाला कितीही उजेड हवा असला तरी मी सहाच्या वर जात नसे. "तू कलावंत नाहीस, कारकून आहेस!" असे ते चिडून म्हणायचे. पण हिशेब चुकला तर कला काळोखात जाते, हे त्यांनाही ठाऊक होते.

या सहा दिव्यांची परीक्षा शेवटी होई. निकालापूर्वी आरोपीला बोलायला दहा सेकंद देण्यात येतात. त्या दहा सेकंदांत बाकीची सारी पात्रे जागच्या जागी थिजतात, आणि बेणारे प्रेक्षकांसमोर आपले मन मोकळे करते. हे स्वगत तेंडुलकरांनी पहिल्या प्रयोगाच्या वेळी दिग्दर्शकाच्या आग्रहाखातर मागाहून लिहून दिले. आज त्या स्वगताशिवाय हे नाटक कुणी कल्पूही शकणार नाही. त्या जागी मला सहा दिव्यांवरून दोनवर यायचे असे, आणि तेही कुणाच्या लक्षात न येता. चार दिवे दोन डिमरवर, दोन साध्या बटनावर. बाईंचे पहिले वाक्य सुरू झाले की, मी दोन्ही मुठी एकाच गतीने फिरवायला लागे. डोळे त्यांच्यावर, हात आपोआप. नीट जमले तर प्रेक्षकांना दिवे कमी झाल्याचे कळत नाही. जग लहान झाले आहे एवढेच जाणवते.

बाईंच्या शाळेतून आलेले बोलावणे

नोव्हेंबरात, पहिल्या प्रयोगाला तीन आठवडे राहिले असताना, एका संध्याकाळी बाई तालमीला उशिरा आल्या. त्या उपनगरातल्या एका शाळेत होत्या. नेमणूक तात्पुरती, दर वर्षी नव्याने व्हायची. नाटकाची बातमी तिथे पोचली होती. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतले आणि शांतपणे विचारले, "अशा बाईची भूमिका आपल्या शाळेतल्या शिक्षिकेने करावी का? पालक काय म्हणतील?" नाटक सोडा असे त्या म्हणाल्या नाहीत. "विचार करा" एवढेच म्हणाल्या.

बाईंच्या घरी वडील निवृत्त, धाकटा भाऊ कॉलेजात. पगार घरात लागत होता. त्यांनी आम्हाला सारे सांगितले तेव्हा कुणीच काही बोलेना. दुसरी नटी शोधावी हे शहाणपणाचे होते. तीन आठवड्यांत ते अशक्यही नव्हते. टेलिफोन ऑपरेटर असलेली आमची मैत्रीण सगळ्या तालमींना हजर असे. तिला अर्धी भूमिका पाठ होती. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, तुम्ही सोडलंत तर आमच्यातला कुणीही तुम्हाला दोष देणार नाही."

बाई म्हणाल्या, "सोडलं तर मी रोज वर्गावर कशी उभी राहू? नाटकात सगळे तिला गप्प बसवतात. मी प्रत्यक्षात गप्प बसले तर मग आपण हे नाटक कशाला करतोय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त माझं नाव जाहिरातीत नको. वडिलांना त्रास होईल."

त्यावर सगळ्यांत आधी कर्णिक बोलला. हा बँकेतला माणूस. वर्तमानपत्रात आपले नाव छापून यावे म्हणून चार वर्षे वाट पाहत होता. तो म्हणाला, "एकट्या बाईंचं नाव गाळलं तर सगळ्यांना तेच दिसेल. सगळ्यांचीच गाळा." आणि तसेच झाले. आमच्या जाहिरातीत नाटकाचे नाव, लेखकाचे नाव, ठिकाण आणि वेळ. नटांचे एकही नाव नाही. एका परिचिताने विचारले, "हे काय, नवीन प्रायोगिक फॅशन आहे काय?" आम्ही होय म्हणून सांगितले.

छबिलदासमधला पहिला प्रयोग डिसेंबरात झाला. दुपारपर्यंत शाळा, त्यामुळे सामान चढवायला, भिंती उभ्या करायला, खुर्च्या मांडायला मिळाले काही तास. माणसे आली ऐंशी-पंचाऐंशी. कडी वाजली, दार टिकले, फ्यूज शाबूत राहिला. स्वगताच्या वेळी खालून केळीवाल्याची आरोळी वर आली, पण एकही प्रेक्षक हलला नाही. प्रयोग संपल्यावर टाळ्या लगेच पडल्या नाहीत. गंभीर नाटकाच्या माणसाला तो मधला क्षण टाळ्यांपेक्षा मोलाचा असतो.

एप्रिल अखेर बाईंना शाळेचे पत्र मिळाले. पुढील वर्षासाठी आपल्या सेवेची आवश्यकता नाही, असे दोन ओळींचे. कारण दिलेले नव्हते. तात्पुरत्या नेमणुकीला कारण द्यावे लागत नाही.

काळोखातला प्रयोग

मे महिन्यात कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी प्रयोग ठरला होता. बाईंना आम्ही विचारले, रद्द करू या का? त्या म्हणाल्या, "आता तर मला सुट्टीच सुट्टी आहे!" एस. टी.च्या टपावर दाराची चौकट बांधून आम्ही निघालो. मुंबईची हौशी मंडळी एका लहान गावातल्या सभागृहात नाटक घेऊन जाते, ही नाटकातली गोष्ट आणि आमची गोष्ट एकच होऊन बसली होती.

सभागृह गच्च भरले होते. पुढे सतरंज्यांवर मुले, मागे बाकांवर मोठी माणसे, एका बाजूला बायका. तिसऱ्या अंकापर्यंत सारे ठीक चालले. काशीकरांनी दहा सेकंद दिले. बाई उठल्या. मी मुठी फिरवायला लागलो आणि एकदम सगळा उजेड गेला. माझा फ्यूज नव्हे. खिडकीबाहेर पाहिले तर सगळे गावच काळोखात.

अशा वेळेसाठी विंगेत एक गॅसबत्ती ठेवलेली असे. रोकडे काडी ओढायला गेला. पण बाई थांबल्या नव्हत्या. त्या बोलतच होत्या. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. दिग्दर्शकांनी अंधारातच रोकड्याचा हात धरला. त्यानंतर जे झाले ते मी दिसले असे म्हणू शकत नाही. ऐकले. काळोखात एक बाई आपल्या आयुष्याविषयी बोलते आहे आणि चार-पाचशे माणसे श्वास रोखून बसली आहेत. मुलेसुद्धा रडली नाहीत. स्वगत संपले तेव्हा रोकड्याने गॅसबत्ती पेटवून आत आणून ठेवली, आणि उरलेले नाटक त्या एका बत्तीवर झाले. थिजलेली पात्रे भानावर आली, निकाल लागला, सामंताने हिरवा पोपट बाईंच्या शेजारी ठेवला. इतकी वर्षे दिवे लावले, पण त्या नाटकाचा सर्वांत चांगला प्रयोग झाला तो माझ्या दिव्यांवाचून, हे मला सांगितलेच पाहिजे.

प्रयोगानंतर आम्ही सामान बांधत असताना गावातल्या तीन शिक्षिका आत आल्या. बाईंचे हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. अभिनय छान झाला वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांतल्या वयस्कर बाईंनी विचारले, "तुम्हीही शिक्षिका आहात असं कळलं. कुठल्या शाळेत असता?"

"सध्या कुठल्याच नाही," बाई म्हणाल्या.

त्यावर कुणी काही विचारले नाही. सकाळी आम्ही निघालो तेव्हा त्या तिघी एस. टी.च्या थांब्यावर आल्या होत्या. चौदा माणसांना पुरतील एवढे घावन आणि चटणी केळीच्या पानात बांधून!

जूनमध्ये बाई दुसऱ्या एका शाळेत मुलाखतीला गेल्या. आपण नाटकात काम करतो, कोणत्या नाटकात, कोणती भूमिका, हे त्यांनी आपणहून सांगितले. नेमणूक झाली. पुढच्या प्रयोगाच्या जाहिरातीत बाईंच्या सांगण्यावरून सगळ्यांची नावे छापली. कर्णिकाने त्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या सहा प्रती विकत घेतल्या.

हिशेबाची वही

'कोर्ट'चे आम्ही अकरा प्रयोग केले. व्यावसायिक रंगभूमीवर अकरा प्रयोग म्हणजे नाटक पडले असे समजतात. प्रायोगिक मंडळींत मात्र दोन आकडी संख्या गाठली की पेढे वाटावेत. वही माझ्याकडे होती. अकरापैकी नऊ प्रयोगांना तूट, एकाला बरोबरी, आणि एकाला शिल्लक. ती शिल्लक तूट भरण्यात गेली. तूट कशी भरली? कुणी दिवाळीच्या बोनसमधून, कुणी शिकवण्या करून. आमच्या पोंक्ष्यांनी बायकोला सांगितलेले नव्हते. तिला ते ठाऊक होते.

मग हे सारे कशासाठी? पैसा नाही, नाव नाही, घरच्यांची बोलणी मात्र भरपूर. पुष्कळांनी मला हे विचारले आहे. मोठाली उत्तरे माझ्याकडे नाहीत. एवढे सांगतो की, कचेरीत दिवसभर जे बोलता येत नाही, घरी ज्याचा विषय काढता येत नाही, त्याविषयी चौदा माणसे तीन महिने रोज बोलत होती, आणि मग शंभर माणसांना ते ऐकवत होती. ऐकणाऱ्यांपैकी पाच जणांना जरी काशीकरांच्या आईंसारखा प्रश्न पडला, तरी तूट भरून निघाली असे आम्ही धरीत असू.

आज

छबिलदासमधले प्रयोग पुढे बंद झाले. 'आविष्कार'ने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले. अरविंद देशपांडे १९८७ साली गेले, तेंडुलकर २००८ साली आणि सुलभाताई २०१६ साली. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ सालीच उघडले होते. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागांनी नव्या मंडळींना आसरा दिला. दिव्यांचे तर रूपच पालटले. आमच्या पाचशे वॅटच्या डब्यापेक्षा आताचा एल.ई.डी. दिवा थोड्या विजेत अधिक उजेड देतो, दहा रंग बदलतो आणि संगणकाच्या एका कळीवर मंद होतो. त्यावर पापड मात्र भाजता येत नाही!

पण परवा एका तरुण मंडळींच्या तालमीला गेलो होतो. साडेसातची वेळ, पावणेआठला तिघे आलेले. कुणी संगणकाच्या कंपनीतले, कुणी बँकेतले. एका मुलीने घरी काही सांगितलेले नाही. भिंतीला कुणी टेकू नये म्हणून मागून एक जण ओरडतो आहे. चहा आला, आणि तो कुणाच्या आईने पाठवला होता. मला कोपऱ्यात एक खुर्ची मिळाली. ती कुणाच्या सासऱ्यांची, हे मी विचारले नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची सुट्टी आहे, फराळाचे डबे भरलेले आहेत. हसवणारी नाटके अवश्य पाहा. हसणे काही वाईट नाही. पण एखाद्या संध्याकाळी आडगल्लीतल्या एखाद्या लहान सभागृहात, नाव न ऐकलेल्या मंडळींचे नाटक असेल तर तिथेही जा. वेळेवर जा, कारण ते वेळेवर सुरू करतात. नाटक संपल्यावर लगेच चपला शोधायला उठू नका. दोन मिनिटे थांबा आणि मागे जाऊन नुसते "आम्ही पाहिलं" एवढे सांगा. भिंत धरून उभा राहिलेला एखादा पोरगा तिथे हात झटकत असेल. त्यालाही सांगा.